वकीलसाहेबांचा कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर शुक्रवारी संध्याकाळी चालू झाला आणि रविवार संध्याकाळपर्यंत बंद झाला नाही. तो बंद करायची जबाबदारी माझ्यावर होती, कारण घरात कॉलेजला जाणारी मी एकटीच.

घरात म्हणजे खरं तर सगळ्या खानदानात. अप्पा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. त्यामुळे मी बी.कॉम.ला प्रवेश घेतला त्या दिवसापासून आमच्या धारवाडजवळच्या रायापूरच्या दोन खोल्यांतली यच्चयावत बटणं माझ्या अखत्यारीत आली. मिक्सर अडकला की ‘रेणूला विचारा’. मोबाइलवर परक्या भाषेत बाई बोलायला लागली की ‘रेणूला विचारा’. (एकदा गल्लीतल्या एका आजींचं ऐकू यायचं मशीनही माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. मी ते पुसून परत दिलं. आजी म्हणाल्या, आता छान ऐकू येतं. त्यांनी ते उलट्या कानात घातलं होतं.)

इथं एक कबुली द्यायला हवी, जी मी घरी कधी दिली नव्हती. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर तिघी बसतात आणि मी दोन्ही वर्षं तिसरी होते. तिसरीचं काम वहीत लिहून घ्यायचं. शिवाय तास संपला की सर स्वतः सगळी यंत्रं बंद करतात, मुलींनी हात लावलेला त्यांना चालत नाही. म्हणजे कॉम्प्युटर कसा चालू होतो हे मी लांबून पुष्कळदा पाहिलं होतं. बंद मात्र मी आयुष्यात एकही केला नव्हता.

आणि हा कॉम्प्युटर साधासुधा नव्हता, तो वकीलसाहेबांचा होता.

अप्पा बावीस वर्षं हुबळीत कोप्पीकर रोडवर या वकीलसाहेबांच्या ऑफिसात होते. सकाळी जाऊन कुलूप उघडायचं, झाडायचं, फायली कोर्टात न्यायच्या, संध्याकाळी साहेब उठले की कुलूप लावायचं. अडचण एवढीच होती की साहेब उठायचे नाहीत. ‘एवढं एक पान’ असं म्हणून ते पुन्हा त्या कॉम्प्युटरच्या तोंडात तोंड घालून बसायचे आणि अप्पांची धारवाडची बस जायची, मग तिच्या पुढचीही जायची. या वर्षी श्रावणात साहेब गेले. खुर्चीतच गेले. समोर कॉम्प्युटर चालू होता. बंगळूरहून त्यांचा मुलगा आला, त्यानं ऑफिस रिकामं केलं, आणि अप्पांना म्हणाला, काका, तुमची मुलगी शिकतेय ना, हा तुम्ही घेऊन जा.

अप्पांनी तो रिक्षात मांडीवर घेऊन आणला. दुसरं काम त्यांना अजून मिळालं नव्हतं. बावीस वर्षांत त्या ऑफिसातून आमच्या घरी आलेली ही एकच वस्तू. ती उंबऱ्यातून आत आणताना त्यांनी मान खाली घातली होती, जड म्हणून की कशानं, ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी मी वायरी जोडल्या. एक काळी, विटेसारखी जड पेटी होती, ती व्होल्टेजसाठी असणार असं मी जाहीर केलं आणि टेबलाखाली ढकलली. बटण दाबलं. पडदा निळा झाला आणि मधोमध इंग्रजीत साहेबांचं नाव उमटलं, त्याच्याखाली ‘स्वागत’ अशा अर्थाचा शब्द. अप्पांना इंग्रजी वाचता येत नाही. पण बावीस वर्षं ऑफिसच्या दारावरची पाटी त्यांनी रोज सकाळी फडक्यानं पुसली होती, त्यामुळे त्या नावाचा आकार त्यांना पाठ होता. ते बसले होते, ते उठून उभे राहिले.

मी तासभर माझा प्रोजेक्ट टाइप केला. मग कुठंतरी ‘शट डाउन’ असं लिहिलेलं सापडलं, ते मी दाबलं. पडद्यावर ठिपक्यांचं एक कडं आलं आणि फिरायला लागलं. जेवणं झाली, भांडी झाली, कडं फिरतच होतं. बंद होत असेल हळूहळू, असं मी सांगितलं. (मला वाटलं होतं, मोठ्या माणसाच्या यंत्राला वेळ लागत असेल.) सकाळी उठून पाहिलं तर ते तसंच फिरत होतं. खोलीत आमची कुणाचीच सावली नीट पडत नव्हती, सगळं निळसर दिसत होतं. भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीतले चारही कुत्रे आमच्याकडे बघताहेत असं मला वाटलं.

त्यात तो आवाज. आतला पंखा घरघरत होता, आणि मधूनच अडकून ‘ख्ह्’ करायचा. पुन्हा घरघर, पुन्हा ‘ख्ह्’. अप्पा चहाचा कप हातात धरून बराच वेळ ऐकत राहिले. मग आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू मला म्हणाले, “साहेबांचा खोकला असाच होता.”

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, वाणिज्याची आहे. तरी मी धीर करून यंत्राच्या पोटावरचं मुख्य बटण दाबलं. दाबलं म्हणजे, कुणाच्या दारावरची बेल पहिल्यांदा वाजवताना दाबतो तसं, घाबरत आणि लगेच बोट मागे घेत. आणि पडदा काळा झाला! घरघर थांबली! मी स्वयंपाकघरात जाऊन शांतपणे, जणू रोजचंच काम, असं सांगितलं की झालं बंद. आई बघायला आली. आम्ही दोघी त्या काळ्या काचेत आमचे चेहरे बघत उभ्या राहिलो. बाहेर हुबळी रस्त्यावरून एक ट्रक गेला. आणि पडदा आपोआप उजळला.

पडद्यावरचा बाण, कुणीही माउसला हात लावलेला नसताना, दोन बोटं डावीकडे सरकला. थांबला. मग अगदी हळू, विचार करत असल्यासारखा, आणखी थोडा सरकला.

आईनं पदर खांद्यावरून घेतला आणि ती परत स्वयंपाकघरात गेली. हे शनिवारी सहा वेळा झालं. मी बेल वाजवावी तसं बटण दाबायचं, तो डोळे मिटायचा, आम्ही पाठ वळवायचो, आणि थोड्या वेळानं खोली निळी व्हायची.

संध्याकाळी मी शेवटचा उपाय केला, भिंतीवरचं सगळ्या घराचं मेन बटण बंद केलं. वीजच गेली तर तो करणार काय? त्यानं केलं ते असं: तो चालूच राहिला. दिवा नाही, पंखा नाही, भिंतीतून वीज नाही, आणि कॉम्प्युटर चालू! वर टेबलाखालून कुणीतरी किंचाळायला लागलं. तीन सेकंद शांत, एक किंकाळी. तीन सेकंद शांत, एक किंकाळी. मी अशी घाबरले की बटण पुन्हा चालू केलं. लगेच आवाज थांबला. म्हणजे त्याला जे हवं होतं ते मी दिलं होतं.

रविवारी सकाळी आईनं निकाल दिला. ती शांतपणे तांदूळ निवडत होती. आज दिवेलागणीपर्यंत हा बंद झाला तर राहील, नाहीतर उद्या सकाळी भंगारवाला येतो त्याच्या गाडीवर जाईल, असं ती म्हणाली. अप्पांनी वर पाहिलं. ते वाद घालतील असं मला वाटलं, पण ते फक्त उठले, त्यांचं ते ऑफिसचं जुनं फडकं घेऊन आले आणि पडद्याच्या कडा पुसायला लागले. उद्या जायचंच आहे तर निदान स्वच्छ जावं, असं. तेव्हा मला कळलं की हे माझ्या प्रोजेक्टचं राहिलेलं नाही. माझ्या हातून तो बंद झाला नाही, तर अप्पांची बावीस वर्षं भंगाराच्या काट्यावर जाणार होती.

आता भिंतीपलीकडचं सांगायला हवं.

आमच्या खोलीला खेटून बसम्माक्का राहतात. गदगकडच्या खेड्यातून चार महिन्यांपूर्वी मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांना मराठी म्हणजे ‘नाही’, ‘पाणी’ आणि ‘जेवलात का’ एवढंच येतं. मधली भिंत अशी की पलीकडं फोडणी पडली की अलीकडं शिंक येते. त्या भिंतीतून शुक्रवारपासून त्यांना काय ऐकू येत होतं? दर पंधरा मिनिटांनी आई स्वयंपाकघरातून विचारायची, ‘बंद ना?’ मी म्हणायची, ‘नाही.’ मग अप्पा बाहेरून, ‘बंद ना?’ मी, ‘नाही अजून.’

मराठीत याचा अर्थ सरळ आहे. पण कन्नडमध्ये ‘बंद’ म्हणजे ‘तो आला’, आणि ‘बंदना?’ म्हणजे ‘आला का तो?’ (दार वगैरे लावायला कन्नडमध्येही ‘बंद माडु’ म्हणतात, पण आमच्यापैकी कुणी तो ‘माडु’ उच्चारलाच नाही.) म्हणजे बसम्माक्कांच्या हिशेबानं आम्ही तिघं दोन दिवस, निळ्या उजेडाच्या खोलीत बसून, एकमेकांना विचारत होतो: आला का तो? नाही. आला का? नाही अजून.

शनिवारी नळावर त्यांनी आईला हळूच विचारलं होतं की तुमच्याकडे कोण यायचं आहे. आई मूळची मिरजेकडची. लग्नाला तेवीस वर्षं झाली, कन्नड धडाधड बोलते, पण लिंग मराठीतलं लावते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला ‘ते’ म्हणायचं असतं, आईच्या तोंडी कॉम्प्युटर ‘तो’च राहतो, म्हणजे कन्नडमध्ये चक्क पुरुष होतो. आईला वाटलं, बसम्माक्का कॉम्प्युटरचीच चौकशी करताहेत. तिनं कन्नडमध्ये मन मोकळं केलं. आमच्या ह्यांच्या साहेबांकडचा आहे तो. साहेब श्रावणात वारले, तेव्हापासून आमच्याकडे आलाय. खोलीत बसून असतो. रात्रभर डोळा मिटत नाही. मुलगी हरली, पण “अंव केळंगिल्ल”, म्हणजे तो काही ऐकत नाही.

बसम्माक्का घागर अर्धीच भरून घरी गेल्या. आईला वाटलं, माणसाला दुसऱ्याच्या अडचणीत रस नसतो.

रविवारी चारच्या सुमाराला मला कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला एक चिकटपट्टी दिसली, हुबळीच्या दुरुस्तीवाल्याची, नंबरासकट. इतके दिवस मी यंत्राच्या मागं बघितलंच नव्हतं. (तिसरीला मागची बाजू दिसत नाही.) मी फोन केला. तो कुठल्यातरी लग्नात होता, मागं इतका गोंधळ की मला प्रत्येक वाक्य तीनदा सांगावं लागलं. ‘बंद होत नाही’ हे मी इतक्या मोठ्यानं ओरडले की ते भिंतीपलीकडं नक्की गेलं असणार. शेवटी तो म्हणाला, “ताई, बटण दाबलंत, पण दाबून धरलंत का? दहा आकडे मोजा, तोवर सोडायचं नाही.” आणि जेवणाची पंगत बसल्यामुळे फोन बंद.

दाबणं आणि दाबून धरणं! दोन वर्षांच्या माझ्या वहीत हा फरक कुठंही नव्हता.

आईनं देवापाशी दिवा लावला, म्हणजे मुदत संपली होती. मी टेबलाजवळ बसले. अप्पा माझ्यामागं उभे राहिले. मी बटणावर अंगठा ठेवला आणि त्याच क्षणी वीज गेली.

आमच्या घरातली नव्हे, सगळ्या गल्लीची. रस्त्यावरचे दिवे गेले, लांबची दुकानं गेली. हवेनं देवापाशी लावलेला दिवाही गेला. सगळं रायापूर काळंभोर, आणि त्यात आमची एक खोली निळी. टेबलाखालून ती किंकाळी पुन्हा सुरू झाली. अप्पांनी फडकं खांद्यावर टाकलेलं मला दिसलं, कारण दिसायला उजेड त्याचाच होता.

“धर,” अप्पा म्हणाले. “मी मोजतो.”

बावीस वर्षं हुबळीत काम केल्यामुळे अप्पा आकडे कन्नडमध्येच मोजतात. अंधारात त्यांचा आवाज जड येत होता: ओंदु. एरडु. मूरु. प्रत्येक आकड्यानंतर एक किंकाळी. नाल्कु. ऐदु. माझा अंगठा बधिर झाला. मनात मी साहेबांची माफी मागत होते. आरु, एळु. बाण जागेवर थांबला होता. एंटु. ओंबत्तु.

हत्तु म्हणायच्या आत पडदा गेला. घरघर एकदा अडकली, ‘ख्ह्’ झालं आणि पुढची घरघर आलीच नाही. खालच्या पेटीनं एक लांब, बारीक होत जाणारा सूर काढला आणि तीही मेली. इतका अंधार झाला की मला माझा अंगठा दिसेना, आणि इतकी शांतता की मला तिघांचे श्वास ऐकू आले.

मग मी मोजले. चार होते.

मी काही बोलायच्या आत आईनं स्वयंपाकघराच्या दारातून कुजबुजत विचारलं, “बंद ना?”

अप्पांच्या तोंडून सुटकेचा सुस्कारा बाहेर पडला. “बंद,” ते म्हणाले. “बंद, बंद.”

आणि आमच्या उंबऱ्यापाशी, कुणीच नसलेल्या जागेतून, एक कापरा, म्हातारा आवाज आला.

“एल्लि?”

एल्लि म्हणजे कुठं.

नंतरच्या काही सेकंदांबद्दल घरात तीन वेगवेगळ्या हकिगती आहेत. एक भांडं पडलं हे सगळ्यांना मान्य आहे. आई म्हणते, तिनं पहिल्यांदा काडेपेटी शोधली. अप्पा म्हणतात, त्यांनी पहिल्यांदा माझा हात शोधला, पण तो जागेवर नव्हता. हे खरं आहे. मी टेबलाखाली, त्या पेटीला मिठी मारून बसले होते.

काडी पेटली तेव्हा दारात बसम्माक्का दिसल्या. एका हातात अंगारा, दुसऱ्या हातात लिंबू, पायाशी सांडलेलं पाण्याचं तांब्याभांडं. बिचाऱ्या दोन दिवस भिंतीपलीकडं जीव मुठीत धरून होत्या, आणि शेवटी आमची दया येऊन, ‘जो’ येणार होता त्याला परत पाठवायला अंधारात एकट्या आल्या होत्या. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि त्यांना आतून ऐकू आलं: आला का? आला. आला, आला.

आईनं त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळा उलगडा केला. तो म्हणजे कॉम्प्युटर, बंद म्हणजे मराठीतलं बंद. बसम्माक्कांनी नीट ऐकून घेतलं. त्या हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. यंत्राचं मला समजलं, त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, पण मनात आपल्या गेलेल्या साहेबांची भीती होती ना? मग इतक्या मोठ्या माणसाला ‘बंद’ म्हणतात? तो काय तुमचा गडी आहे? मान देऊन ‘बंद्रु’ म्हणावं, ‘आले’ म्हणावं. मी दोन दिवस ऐकतेय, एकदाही कुणी ‘बंद्रु’ म्हटलं नाही. म्हणूनच येत नसतील.

अप्पांनी खरोखर मान खाली घातली.

तेवढ्यात वीज आली. गल्लीत पोरांनी ओरडा केला, डोक्यावर पंखा फिरायला लागला. आणि टेबलावर, कुणीही बोट न लावता, घरघर सुरू झाली. ‘ख्ह्’ झालं. पडदा निळा झाला.

बसम्माक्कांनी हात जोडले. “बंद्रु,” त्या म्हणाल्या.

अप्पा उठून उभे राहिले होते. फडकं खांद्यावर, हात पुढं बांधलेले, बावीस वर्षं रोज संध्याकाळी ऑफिसच्या दारात उभे राहत असतील तसे. आईनं कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग बराच वेळ अप्पांकडे पाहिलं. मुदत टळून गेली होती आणि तो चालू होता. मी टेबलाखालून भंगारवाल्याच्या गाडीचाच विचार करत होते.

“आलेच आहेत तर राहू देत,” आई म्हणाली. “आता कुणाला उठवायचं नाही.” आणि ती भात लावायला गेली.

सोमवारी दुरुस्तीवाल्यानं फोनवर सगळं समजावलं. काळ्या पेटीत बॅटरी असते, वीज गेली की ती यंत्राला पुरवते आणि ओरडते. टेबल डुगडुगतं, ट्रक गेला की माउस हलतो आणि झोपलेलं यंत्र उठतं. त्या ठिपक्यांच्या कड्यामागं साहेबांचं छापायचं राहिलेलं एक पान अडकलं होतं. आणि वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय साहेबांनीच करून घेतली होती, कोप्पीकर रोडची वीज सारखी जायची म्हणून. मी सगळं वहीत लिहून घेतलं, घरी वाचून दाखवलं. अप्पांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, बरोबर आहे, पण चालू असू दे.

त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं, कुणाच्या घरी कॉम्प्युटर आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी हात वर केला. सर खूश झाले. म्हणाले, छान, मग तुझा प्रोजेक्ट टाइप करून झाला असेल. मी उभी राहिले, आणि मनात काही जुळवायच्या आत तोंडातून खरं तेच निघून गेलं.

“नाही सर. सध्या साहेब बसलेत. ते उठले की मी बसते.”